बेंजोत गेलेला पिकअप
काल मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि शाहूपुरीतलं ते वाद्यांचं दुकान पुन्हा डोळ्यांसमोर आलं. त्या दिवशी उचगावात लग्नाचा ऑर्केस्ट्रा होता, माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार गाण्यात मधेच मुकी व्हायची आणि ऑर्केस्ट्रा पार्टीच्या मालकानं बजावलं होतं, "नवी आण, न्हायतर घरी बस." म्हणून सकाळीच त्या दुकानात जुनी देऊन नवी काळी चकचकीत गिटार घेतली. बसस्टॉपवर तासभर बस आली नाही, म्हणून कव्हर उघडून बघतोय तोच ध्यानात आलं, हिच्यावर हळद नाही. दर खंडेनवमीला आई जुन्या गिटारची पूजा करायची, आणि तारांखालच्या पिकअपवर, जिथनं आवाज निघतो तिथंच, हळदीचं बोट टेकवायची. शेवटचं बोट टेकवलं आणि त्यानंतरची दिवाळी काही तिनं बघितली नाही. मी भर उन्हात पळत परत गेलो. दुकानात धूर तसाच तरंगत होता आणि माझी गिटार पोट उघडं टाकून पडली होती. पिकअप काढून दुकानदारानं एका बेंजोत बसवला होता. "नवी घ्या परत, पण तेवढा पिकअप द्या," मी अक्षरशः हात जोडले. "आता कुठनं देऊ, पावणं? बेंजोवालं आत्ताच गेलं की. कुठल्या गावचं ते बी ठावं न्हाय. लाकूड हाय, ते न्या." लाकूड घेऊन आलो. अजूनही गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो दिसला की मी गर्दीत घुसतो, तारांखाली कुठं पिवळं दिसतंय का ते वाकून बघतो, आणि वाजवणारा खेकसतो, "ओ पावणं, काय हरवलंय काय?"