बुरुजावरच्या एस्तेवची आल्बा

माझा नवरा एस्तेव गडाचा पहारेकरी. सव्वीस वर्षं रात्रभर बुरुजावर, दिवसभर घोरतोय. पूर्वेला पांढरं फुटलं की वरून ओरडायचं, "आल्बा!" आल्बा म्हणजे पांढरी, म्हणजेच पहाट. आवाज असा खणखणीत, की खालच्या गावातली गाढवंसुद्धा ओ देतात. मग मी गरम भाकरी घेऊन जिन्यात हजर. तिथे चार घास एकत्र खायचे, की मी भटारखान्यात, तो अंथरुणात. हाच आमचा संसार.

या सुगीत एक गवई आला. जेवणं चालू असताना त्यानं गाणं म्हटलं. चोरून भेटलेलं जोडपं, आणि त्यांचा दोस्त पहारेकरी. बाईचा नवरा उठायच्या आत तो त्यांना सावध करतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी, आल्बा! असल्या गाण्यालाच आता सगळीकडे आल्बा म्हणतात, असं गवई ऐटीत सांगत होता. मेल्यानं आमच्या पोटापाण्याचा शब्द उचलला आणि वर चांदीचा पेला मिळवला!

सगळे खूश, पण गडाचे धनी हसेनात. त्यांचं लग्न नुकतंच झालेलं, बायको तरणी. बुरुजाकडे निघालेल्या एस्तेवला त्यांनी बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आमच्या गडावर तू कोणाला सावध करतोस रे?"

एस्तेवनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. हाकललं तर या वयात जायचं कुठे? माझं डोकंच फिरलं. हातातलं हरभऱ्याचं पातेलं मी दाणकन खाली ठेवलं.

"धनी, तो उठवतो गवळ्यांना आणि मला. सव्वीस वर्षांत एकदाही पहाटेला तो माझ्या शेजारी नव्हता. गाण्यातल्या त्या दोघांना उजाडूच नये असं वाटतं. मी रोज उजाडायची वाट बघते. माझा माणूस तेव्हा खाली येतो."

आधी धनीणबाई हसल्या, मग धनी ओशाळले. नोकरी तर राहिलीच, वर एका रात्रीची सुट्टी मिळाली. बुरुजावर तबेल्यातल्या पॉन्सला चढवलं.

त्या रात्री आम्ही किती बोललो! मग कधीतरी डोळा लागला, आणि लगेच वरून पॉन्सचा चिरका आवाज आला, "आल्बा!" एस्तेव सवयीनं धडपडत उठायला लागला. मी त्याचा दंड धरून त्याला खाली ओढलं.

"पडून राहा. तो पॉन्स खोटं ओरडतोय."