परीक्षा होईपर्यंत

शनिवारी दुपारी मी वसतिगृहाच्या पडवीत वह्या तपासत बसले होते. कोपऱ्यावरचा एसटीडी बूथवाला धापा टाकत आला. "म्याडम, परदेशातनं फोन हाय. लई घाईत बोलतोय मानूस, मला काय कळंना."

मुलं ओझरला गेली होती. मुलं आपली म्हणायची, सगळे विशी ओलांडलेले बाप्ये होते. सुदान, येमेन, केनिया अशा देशांतून पुण्यात शिकायला आलेले. एका संस्थेने त्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी वारूळवाडीतलं शाळेचं वसतिगृह उन्हाळ्याच्या सुटीपुरतं घेतलं होतं आणि मला मिरजेहून बोलावलं होतं. शहरात राहिले की आपापल्या भाषेत गप्पा हाणत बसतात, खेड्यात नाइलाजाने इंग्रजी बोलतील, असं संस्थेच्या संचालकांचं म्हणणं. वारूळवाडीत त्यांच्याशी इंग्रजी कोण बोलणार होतं ते त्यांनाच ठाऊक. पण मी सत्तावीस वर्षांची होते आणि घरापासून लांब जायला मिळतंय म्हणून खूश होते.

फोनवर आमच्या सुदानी विद्यार्थ्याचा मोठा भाऊ होता. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मला शब्द न् शब्द कळला. आई काल, शुक्रवारी गेली. कालच दफन केलं. धाकटा भाऊ तिकडे एकटा आहे. तुम्ही त्याच्या शिक्षिका आहात, त्याला जवळ बसवून तुम्हीच सांगा. "आज सांगाल ना?" त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि लाइन तुटली.

तेव्हा खरंच सांगणार होते. पण बूथबाहेर पाय टाकला आणि गुरुवार आठवला. गुरुवारी त्याची पुण्यात प्रवेशपरीक्षा होती. आधी दोनदा नापास झालेला, ही शेवटची संधी. हुकली तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर व्हिसा नाही, गाशा गुंडाळून परत. आला तेव्हा त्याला दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या. आता पानंच्या पानं लिहायचा. ही करामत माझी आहे असं मी मनातल्या मनात दिवसातून दहा वेळा म्हणत असे.

बूथवाल्याने काय झालं म्हणून विचारलं, मी सांगून टाकलं. "गुरवारी पेपर हाय? मंग नका सांगू राव," तो म्हणाला. "माज्या पुतणीच्या बारावीला तिची आत्या गेली, आमी आठ दिस दाबून ठिवलं. झाली ना पोरगी पास!"

मला हेच ऐकायचं होतं. आमच्या घरीही मामेभावाच्या दहावीच्या वेळी आजोबा गेले, तेव्हा असंच केलं होतं. मामीने किती धीराने घेतलं म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मामेभावाला काय वाटलं, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी तिथूनच संचालकांना फोन लावला. त्यांनीही मान्यता दिली.

स्वयंपाकाच्या मावशींना मात्र सांगितल्याशिवाय राहवलं नाही. त्या आंबेगावच्या डोंगराकडच्या, सुटीपुरत्या कामाला आलेल्या. भाकरी थापायच्या थांबल्या. "पाच दिस? आन् त्यो तवर खाणार, पिणार, हसणार?"

"मावशी, त्याच्या भल्यासाठीच."

"तुमी शिकल्याली मानसं. मला न्हाई पटत," एवढंच म्हणून त्यांनी पुढची भाकरी हातात घेतली.

रविवारी आमरसाचा बेत होता. महिनाभर मुलांनी त्यासाठी माझा जीव खाल्ला होता. पंगत बसली, मावशी पातेलं घेऊन वाढत आल्या आणि सुदानी मुलाला गाळून पुढे गेल्या. त्याने वाटी वर धरली. मावशींनी पाहिलंच नाही.

"टीचर, मावशी माझ्यावर रागावल्या?" तो हसत म्हणाला. सगळे माना वळवून बघायला लागले.

"ज्याची आय गेली त्याला मी गोड वाढायची न्हाई," मावशी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. केनियाचा एकजण बाजारात घासाघीस करण्याइतकं मराठी शिकला होता. तो मावशींकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, मावशींच्या हातातला डाव हिसकावला आणि सुदानी मुलाची वाटी स्वतः काठोकाठ भरली. त्याने मिटक्या मारत दोन वाट्या खाल्ल्या. मी समोर उभी राहून बघत होते.

दर रविवारी संध्याकाळी त्याला घरून फोन यायचा. माझ्या सांगण्यावरून बूथवाल्याने रिसीव्हर बाजूला काढून ठेवला. मुलगा तासभर बूथच्या बाकावर बसून होता. परत आल्यावर मी म्हटलं, केबल तुटलीय, आठवडा तरी लागेल. "बरं, टीचर," तो म्हणाला. त्याने शंका घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी बोलण्याच्या तासाला त्याने आईची नक्कल केली. विमानतळावर निघताना ती कशी ओरडली, बॅगेत खजूर कसे कोंबले, सगळं. वर्ग हसून लोळला. मीही हसले. मग पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले आणि विहिरीपाशी उभी राहून रडले. सांगून टाकावं असं वाटत होतं, पण आता दोन दिवस लपवल्यावर सांगायचं कुठल्या तोंडाने?

गुरुवारी नारायणगावच्या स्टँडवर त्याने एसटीतून उडीच मारली. "टीचर, सगळं लिहिलं!" पुढे पंधरा दिवसांनी निकाल लागला, तो पास झाला आणि संचालकांनी मला शाबासकी दिली. पण त्याच गुरुवारी, परत आल्या आल्या, मी त्याला वसतिगृहाच्या पडवीत बसवलं आणि सांगितलं.

त्याने विचारलं, "कधी?"

"शुक्रवारी."

त्याने बोटांवर दिवस मोजले. "आमच्याकडे तीन दिवस लोक घरी येऊन बसतात. शुक्रवार, शनिवार, रविवार. मी हसत होतो." मी परीक्षा, व्हिसा, त्याचं भलं असं काहीबाही बोलायला लागले. त्याने मध्येच विचारलं, "माझ्या भावाने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"त्याच दिवशी सांगायला."

त्याने मान हलवली आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले. तो चुलीजवळ जमिनीवर बसला. मावशींनी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, पिठाचे हात धुतले आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाहेर कुणी जेवायला हाक मारली तरी त्या हलल्या नाहीत. खूप वेळाने त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "काय नाव व्हतं रं तुज्या आयचं?"

त्याला ते कसं समजलं कोण जाणे. त्याने नाव सांगितलं. मावशींनी ते जमेल तसं म्हणून पाहिलं, त्याने दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा म्हटलं. मी दारात उभी होते. ते नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.