रुख्माबाईच्या ताण्यावरची वावटळ

नागपूरच्या उमरेड रस्त्याला विणकरांची वस्ती जिथं संपायची, तिथं एक मोकळं मैदान होतं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, तिथं खुंट्यांवर लांबच्या लांब ताणायचा, त्याला पिठाची पातळ खळ पाजायची, कुंच्यानं धागे सारखे करायचे आणि सुकले की गुंडाळून मागावर न्यायचे. ओल्या खळीवर धूळ बसली की मेहनत मातीत गेली.

रुख्माबाईची मेहनत दर उन्हाळ्यात मातीत जायची. मैदानाच्या मधोमध वावटळ उठायची, गिरक्या घेत यायची आणि नेमकी तिच्या ताण्यात शिरायची. काडीकचरा धाग्यांना चिकटायचा आणि ती व तिचा मुलगा जागेश्वर दिवसभर गुंता सोडवत बसायचे. एखाद्या वेळी ठीक आहे हो, पण दर वेळी? नवरा वारल्यापासून हे सुरू झालं, हे वस्तीनं ताबडतोब हेरलं होतं. "तिचा घरवालाच येते गरगर फिरत," असं बाया नळावर म्हणायच्या आणि ती आली की गप्प व्हायच्या. तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. जिवंतपणी ज्यानं घरात कधी झाडू उचलला नाही, तो मेल्यावर मैदान झाडायला येतो म्हणे!

खरी गोम वेगळीच होती. नवरा असताना त्यांचा ताणा इतरांबरोबर पहाटे लागायचा. विधवेचा ताणा आधी नको म्हणून वस्तीचा म्होरक्या गुलाबचंद यानं तिची पाळी सगळ्यांच्या मागे टाकली. बाकीच्यांचं उरकून खुंट्या मोकळ्या होईपर्यंत ऊन डोक्यावर यायचं.

एका चैत्रात पाळीची वाट बघत ती मैदानाच्या कडेला बसून राहिली आणि नीट पाहू लागली. सकाळी जी जमीन पायाला गार लागायची, तीच ऊन चढल्यावर चटके द्यायची. शेजारीच संत्र्याची बाग होती, तिला पाणी चालू असायचं, तिथं कधी वावटळ उठली नाही. उमरेडला तिच्या बहिणीकडे चिंचांच्या सावलीत ताणे लागायचे, तिथंही नाही. आणि इथं मात्र, धागा अडकू नये म्हणून वस्तीनं गवताची काडीसुद्धा ठेवली नव्हती. वावटळ झाडात दडून बसते म्हणून गुलाबचंदनं गेल्या वर्षी उरलेल्या दोन बाभळीही तोडायला लावल्या. वावटळी कमी होण्याऐवजी वाढल्याच.

ती तडक गुलाबचंदच्या दारात गेली. "भाऊ, उघडी जमीन तापली का तिथली हवा वर चढते. मंग बगीच्यातली थंडी हवा आत घुसते अन् गरगर फिरते. मैदान तुम्ही तव्यावानी करून ठेवलं. मले पहाटची पाळी द्या, मंग पाहा येते का वावटळ."

"काय सांगून राहिली वं रुख्माबाई? मैदान सगळ्यायचंच हाय. मंग आमच्या ताण्यावर काहून नाही येत?"

"तुमचा ताणा ऊन तापाच्या आत उचलून होते म्हणून!"

"तेच तं म्हनतो ना मी. आमच्यावर येत नाही, तुह्यावर येते."

भिंतीवर डोकं आपटावं असं तिला झालं. माणूस बहिरा असता तर खुणा करून तरी सांगितलं असतं.

वैशाखात गुलाबचंदच्या घरी लग्न होतं. जागरणं झाली, त्याचा ताणा उशिरा लागला. ऊन भाजत होतं. मैदानाच्या मधून धूळ उठली, उंच झाली, गरगरत आली आणि त्याच्या ओल्या धाग्यांत शिरली. पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या रुख्माबाईला, खोटं कशाला बोला, आनंदच झाला. ती धावत पुढे गेली. "पाह्यलं? आता तरी पटलं का नाही?"

सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. "हे इथं उभी होती," गुलाबचंद हळूच म्हणाला. "हिच्यामागं आली."

संध्याकाळी पंच बसले. ठरलं असं की, रुख्माबाईनं यापुढे कुणाच्या ताण्यासमोर यायचं नाही. सगळ्यांच्या आधी, उजेड फुटता फुटता आपला ताणा लावायचा आणि सूर्य वर यायच्या आत मैदान सोडायचं. ती भांडायला उठली आणि तशीच घरी निघाली. इतके उन्हाळे ती हीच वेळ तर मागत होती.

त्यानंतर तिच्या धाग्याला कचऱ्याचा कण लागला नाही. लुगडी अशी उतरायला लागली की व्यापारी नावं ठेवायची विसरला. गुलाबचंद जो भेटेल त्याला सांगत सुटला, की पंचांनी बंदी घातली आणि पीडा गेली. ऐकून ती दातओठ खायची. निदान आपल्या घरात तरी खरं काय ते माहीत आहे, एवढाच तिला आधार होता. जागेश्वरला तिनं ते शंभरदा समजावलं होतं.

एका सकाळी सुकलेला ताणा गुंडाळता गुंडाळता जागेश्वर म्हणाला, "आई, पंच बसले ते बरं झालं. बाबाची वावटळ सुटली एकदाची."

 रुख्माबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी मनापासून बोलत होता. तिकडे वस्तीतून पहिली माणसं आपापले ताणे घेऊन मैदानाकडे निघाली होती.

"उचल लवकर," ती म्हणाली. "ऊन चढाच्या आत जा लागते मले."