आल्तेयाची वाट मला पाठ आहे

ऑक्टोबरातल्या दुपारी जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या आमच्या बाल्कनीत टाऊनुसच्या टेकड्यांवरून ओल्या पानांचा वास येतो, आणि ऊन इतकं तिरपं नि विरळ होत जातं की अंगावर पडलं तरी ऊब लागत नाही. नेमक्या याच दिवसांत इथली माणसं पुढच्या उन्हाळ्याचा समुद्र राखून ठेवतात. गेल्या रविवारी डार्मश्टाटहून आमची मैत्रीण मंजिरी आणि तिचा नवरा आले, ते त्याचसाठी. यंदा आम्ही स्पेनमध्ये कुठे राहिलो, काय काय पाहिलं, हे त्यांना हवं होतं. समीर, माझा नवरा, ऐटीत म्हणाला, "हिलाच विचारा. सगळं प्लॅनिंग हिचं."

ते खरंच होतं. गेला सबंध हिवाळा फ्रँकफर्टला जाता-येता काळोख्या एस-बान लोकलमध्ये मी आलिकांतेजवळचा तो किनारा वाचत होते. होडीतून आपलं घर ओळखू यावं म्हणून कोळ्यांनी रंगवलेली बिलाहोयोसाची घरं, खडकात कोरलेल्या बोगद्यातून आत घेणारं ग्वादालेस्त आणि त्याच्या पायथ्याचं हिरवंनिळं पाणी. आणि टेकडीवरचं शुभ्र आल्तेया, निळ्या घुमटांच्या चर्चचं. आल्तेया मी माझ्यासाठी ठेवलं होतं. शेवटच्या संध्याकाळी मला जर्मन मुलांसारखं 'मामा' म्हणणाऱ्या माझ्या दहा वर्षांच्या लेकीचा, ईराचा, हात धरून गोट्यांनी बांधलेल्या त्या वाटा चढायच्या, दोघींनीच. वर्षा-दोन वर्षांत ही मुलगी रस्त्यात हात धरू देणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पण शाळेची सुट्टी आणि श्रावण एकत्र आले. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई श्रावणात बाहेरचं अन्न घेत नाहीत, म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घेतलं आणि माझ्या बॅगेत कपड्यांच्या जागी तूरडाळ, भगर आणि ॲल्युमिनियमचा कुकर गेला. तिथल्या इंडक्शनच्या शेगडीने त्या कुकरला ओळखच दाखवली नाही. मग रोज पातेल्यात डाळ रटरटत ठेवायची आणि तिच्यापाशी उभं राहायचं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. माझी काचेची होती, एवढाच काय तो फरक. समुद्र बैठकीतून दिसायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत आणि तिच्यावर वाळणारे टॉवेल दिसत.

सकाळी सगळे निघायचे, सासूबाईसुद्धा, माझ्या हातचा डबा घेऊन. दुपारी समीरचा फोन यायचा, "अगं, बोगदा नक्की कुठल्या बाजूला?" आणि मी डावभर फोडणी हातात धरून त्यांना ग्वादालेस्तमध्ये वाट दाखवायची. संध्याकाळी उन्हाने लाल झालेली नाकं घेऊन ते परतत, पोटभर जेवत, आणि समीर मनापासून म्हणे, "आपल्या वरणभाताची सर कशालाच नाही." मला त्या वाक्याचा संताप येई. आणि तरी वाढताना मी आणखी तूप घेणार का म्हणून विचारत असे.

शेवटचा दिवस सोमवार होता, हे मी हिवाळ्यात कॅलेंडरवर पाहिलं होतं; श्रावणी सोमवार मात्र पाहिला नव्हता. संध्याकाळी सासूबाईंचा उपास सुटायचा, म्हणजे दिवे लागायच्या आत पानं मांडायला हवीत. मी साडी नव्हे, पण खास म्हणून आणलेला पांढरा कुडता घालून तयार होते. समीर म्हणाला, "आईचा उपास आहे ना आज. ईराला मी नेतो आल्तेयाला, तेवढाच तुला आराम." सासूबाई म्हणाल्या, "साधंच कर गं, नुसतं वरण, भात, भाजी आणि एखादं गोड." दार लागलं. मी कुडता बदलला आणि शेवया भाजायला घेतल्या.

त्या रविवारी पाहुण्यांपुढे मी तेच आल्तेया सांगू लागले. कुठल्या वळणावर पायऱ्या अरुंद होतात, चर्चसमोरच्या चौकातून संध्याकाळी खाली समुद्र कसा दिसतो, सगळं. माझं मलाच भान राहिलं नाही. मंजिरी म्हणाली, "किती बारकाईने पाहिलंयस गं!" तोच सोफ्यावर पुस्तक वाचणारी ईरा मान वर करून जर्मनमध्ये म्हणाली, "पण मामा तर तिथे आलीच नव्हती."

मग समीर हसला. "अगं, तिला फारशी आवडच नाही फिरायची. घरातच बरं वाटतं तिला."

मी ईराकडे पाहिलं. ती काही सांगेल, निदान विचारेल, असं मला वाटलं. तिने जराशा मायेनेच मान डोलावली. "गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली, "मामाला घरीच आवडतं," आणि पुन्हा वाचायला लागली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिने मला जेवढं पाहिलं होतं, तेवढंच ती सांगत होती.

मंजिरी वही उघडून माझ्याकडे पाहत थांबली होती. मी तिला चौकापर्यंतची उरलेली वाट सांगितली.