बघायला आलेली माणसं

कॉलेजच्या ऑफिसात टेबलावर काच होती. पाण्याच्या पेल्याचा ओला गोल तिच्यावर उमटला होता आणि माझी लेक बोटाने त्या गोलाला पाकळ्या काढत होती. मी समोरच्या मॅडमना विचारत होतो, फी किती, हॉस्टेल धरून किती, इथून शिकून बाहेर पडणाऱ्यांना पगार किती मिळतो. हे विचारायलाच हवं. माझा खिसा काही मोठा नाही. पण बोलता बोलता माझाच आवाज मला ओळखीचा वाटू लागला. ताईला बघायला पाहुणे यायचे, ते असेच ऐसपैस बसून चौकशा करायचे. ताई खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत राहायची. दाराआडून बघताना मला त्या माणसांचा फार राग यायचा.

मॅडमनी लेकीला विचारलं, "तुला काय शिकायला आवडेल गं?"

तिने घाईघाईने तळहाताने काच पुसली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा सांगतील."

मॅडम माझ्याकडे वळल्या. या शहरातल्या सगळ्या कॉलेजांची फी मला तोंडपाठ होती. हे मात्र मी तिला कधी विचारलंच नव्हतं. ओल्या काचेसमोर आता माझी मान खाली होती.