पाहुण्यांचं इंजेक्शन

माझे सासरे शिंपी आहेत आणि घुमे आहेत, आणि दोन्ही गोष्टी ते अगदी मन लावून करतात.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. काचेचं दार, आत शिरलं की कापायचं लांब टेबल, खिडकीपाशी पायडलचं जुनं मशीन आणि भिंतीवर टांगलेले अर्धवट कोट. कुणाला एकच बाही, कुणाला कॉलरच नाही. गिऱ्हाईक आलं की सासरे गळ्यातली टेप काढतात, मापं घेतात आणि "पुढच्या आठवड्यात" एवढं म्हणतात. समोरच्याने मुलीच्या लग्नाची साद्यंत हकिगत सांगितली, कोट त्याच लग्नासाठी हवाय म्हणून गळ घातली, तरी उत्तर तेच. पण कोट अंगावर असा बसतो की माणूस पुढच्या वेळी मुकाट्याने त्यांच्याकडेच येतो.

सासूबाई होत्या तोवर हे खपून गेलं. त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. गिऱ्हाइकाची विचारपूस त्या करायच्या, नातेवाइकांचे फोन त्या घ्यायच्या, आणि सासऱ्यांना काय हवं-नको तेही त्याच सांगायच्या, ते शेजारी बसलेले असताना. त्या गेल्या आणि घरात नुसता मशीनचा आवाज उरला. माझा नवरा जहाजावर. वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर असतो. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी घरी आले की "आलीस?" आणि झोपायच्या आधी "दार लाव," एवढंच आमचं बोलणं. मी जात्याच बडबडी. त्या काळात मी भाजीवालीशी तास-तास गप्पा मारायचे. बिचारी मला बघितलं की घाईघाईने वजन करायची.

मग पाहुणे आले. करड्या रंगाचा, एका कानाचा तुकडा उडालेला एक बोका उघड्या दारातून आत शिरला, टेबलावर पसरलेल्या सुटाच्या कापडावर बसला आणि तिथून हलेना. सासऱ्यांनी त्याला हाकललं नाही. कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "पाहुणे, जरा सरकता का?"

मी आत होते. मला वाटलं, खरंच कुणीतरी आलंय. मी चहाचं आधण ठेवलं, कपबशा पुसल्या आणि पदर सारखा करून बाहेर येते तर हे ध्यान! पण नाव पडलं ते पडलंच, आणि मानही तोच राहिला. पाहुणे जेवले का, पाहुणे कुठे गेले, पाहुणे रागावलेत वाटतं.

गंमत म्हणजे सासरे पाहुण्यांशी बोलायला लागले. मला जे सांगायचं ते त्यांना सांगायचे. "पाहुणे, उद्या पाणी येणार नाही म्हणतात, भरून ठेवायला हवं." मग मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "पाहुणे, सांगा त्यांना, सकाळीच भरून झालंय!" कुणी बाहेरचं ऐकेल तर दोघांनाही वेड्यात काढेल. पण आमचं घर त्यावर चालू झालं. पाहुण्यांच्या मध्यस्थीने मला पहिल्यांदाच कळलं की माझ्या सासऱ्यांना विनोद करता येतो, त्यांना माझ्या ऑफिसातली भांडणं ऐकायला आवडतात आणि मला यायला उशीर झाला की त्यांचा जीव खाली-वर होतो. "पाहुणे, तुम्ही काही काळजी करू नका, बस चुकली असेल," असं दारात उभं राहून ते म्हणत होते, ते मी कोपऱ्यावरून येताना ऐकलं.

त्यांच्या कामाची एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. शिवणीच्या आत शिंपी थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला ते माया म्हणतात. सगळेच सोडतात, आमचे सासरे बोटभर अधिक. उद्या माणूस अंगाने सुटला तर उसवून सैल करता येतं, कापून टाकलेलं कापड परत कुठून आणायचं? दुकानापुरतं हे ठीक होतं. पण गाडी दुपारची असली तर सासरे सकाळीच स्टेशनवर. दोघांचा चहा टाकला तरी तिसरा कप उरणार. दोरीवर एक टॉवेल वाळत घातला तरी त्याला चार चिमटे. कमी पडायला नको, बस्स.

पाहुणे आजारी पडले ते आम्हाला आधी कळलंच नाही. ते नुसतं पाणी प्यायला लागले. वाटी संपली की बादली, बादली नसली की नळाखाली तोंड. वाळूचा ट्रे दिवसातून किती वेळा बदलू, असं मला झालं. खा-खा सुटली होती, पण अंगाला काही लागेना, पाठीचा कणा हाताला टोचायला लागला. मग मागचे पाय टाचांवर टेकवत, नवी चप्पल चावल्यासारखे चालायला लागले, तेव्हा आम्ही त्यांना टोपलीत घालून दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर बाई वयाने लहान, पण कामाला चोख. रक्त तपासलं, लघवी तपासली आणि म्हणाल्या, "यांना मधुमेह झालाय."

मला हसूच आलं. "बोक्याला? अहो, साखर कधी तोंडाला लावली नाही त्यांनी!"

"होतो मांजरांनाही," बाई म्हणाल्या. "दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागेल. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, खाणं झाल्यावर. खाल्लं नाही तर देऊ नका, मला फोन करा. एक युनिट. सिरिंजवरची ही पहिली रेघ."

नवऱ्याने जहाजावरून फोन केला. "बाबा, वय झालंय त्याचं. रोज दोनदा सुई टोचायची, जमणार आहे का तुम्हाला?"

सासऱ्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि टोपलीत बघून म्हणाले, "पाहुणे, चिरंजीव विचारताहेत, जमेल का. जन्मभर सुईच धरलीय म्हणावं."

मी हसले, पण वरवर. खरं सांगते, मला मांजरांचं फारसं वेड नाही. मला भीती वेगळीच होती. पाहुणे गेले की आमच्या घरातलं बोलणं पुन्हा बंद पडणार होतं. आणि या वेळी ते बंद पडलं तर सासरे त्यातून बाहेर येणार नाहीत, हे मला दिसत होतं.

इंजेक्शन मात्र ते असं द्यायचे की बघत राहावं. फ्रिजमधली बाटली तळहातांत हळूच फिरवायची, हलवायची नाही. सुई खिडकीच्या उजेडात धरून औषध ओढायचं. पाहुण्यांचं तोंड खाण्यात असतानाच मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, सुई आत, सुई बाहेर. पाहुणे मान वर करायचे नाहीत. मी दारात डोळे मिटून उभी असायचे, कारण सुई बघितली की मला घेरी येते. "झालं, पाहुणे," असं ऐकू आलं की डोळे उघडायचे.

काही दिवसांत पाणी पिणं कमी झालं. अंगावर तकाकी आली. एक दिवस तर पाहुणे उडी मारून थेट टेबलावर, कुणाच्यातरी नव्या कोऱ्या कापडावर! सासरे इतके खूश झाले की त्यांनी त्या गिऱ्हाइकाला चक्क चहा पाजला. तिसरा कप होताच.

आणि मग सुट्टीच्या दिवशी सकाळी, इंजेक्शन होऊन थोडा वेळ झाला होता, पाहुणे मशीनपाशी चालत गेले आणि पायडलवर आडवे पडले. उठायला गेले, पुन्हा पडले. पाय थरथरत होते, डोळ्यांच्या बाहुल्या नुसत्या मोठ्या झालेल्या. साखर एकदम उतरली तर काय करायचं ते डॉक्टर बाईंनी सांगून ठेवलं होतं. मी धावत जाऊन मध आणला आणि बोटाने त्यांच्या हिरड्यांना चोळला. अर्धा मध माझ्या बाहीला. सासरे नुसते उभे होते. मी खेकसले, "टोपली आणा!" तेव्हा हलले.

दवाखान्यात पाहुण्यांच्या पायात सुई लावून ग्लुकोजचं सलाईन चढवलं. डॉक्टर बाईंनी विचारलं, "सकाळी किती दिलं होतं?"

"एकच युनिट," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं तेवढंच."

"तेवढ्याने एवढी उतरायला नको होती. नक्की ना?"

सासऱ्यांच्या गळ्यातली टेप काढायची राहिली होती, तिची दोन्ही टोकं त्यांनी मुठीत धरली होती. काही सांगायचं असलं की ते पाहुण्यांकडे बघतात, तसं त्यांनी सवयीने बघितलं. पाहुण्यांचे डोळे उघडे होते, पण ते कुणाकडेच बघत नव्हते.

माझा पारा चढला. "बाबा, त्यांच्याकडे काय बघताय? ते नाही सांगणार आता मला. तुम्ही सांगा. किती दिलं?"

"जरा जास्त," ते पुटपुटले.

"जरा म्हणजे?"

"थोडी माया ठेवत होतो."

डॉक्टर बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना शिवणीतलं जास्तीचं कापड समजावून सांगितलं आणि सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला.

"आधी अर्धी रेघ वर," सासरे म्हणाले. आता ते माझ्याकडे बघून बोलत होते. "मग सुधारताहेत असं दिसलं, म्हणून आणखी जरा. आज दुसऱ्या रेघेपर्यंत गेलं असेल."

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. पण त्या स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "आजोबा, जास्तीचं कापड आत दुमडून राहतं. औषध तसं राहत नाही हो. जेवढं घालाल तेवढं सगळं लागू पडतं. बरं झालं सांगितलंत. आता मला कळलं काय करायचं ते."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. टोपली मधे, रिकामी. कुणामार्फत बोलणार? आम्ही समोरच्या भिंतीवरची कुत्र्याच्या दातांची चित्रं बघत होतो.

"तिच्या वेळी," सासरे एकदम म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच केलं. गोळ्या तेवढ्याच, वेळेवर. सगळं अगदी मापात. ते पुरलं नाही."

सासूबाईंबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

"आता तू देत जा इंजेक्शन," ते म्हणाले. "नाहीतर डॉक्टर बाईंना विचारू, इथेच ठेवतील का त्यांना. माझा हात भरवशाचा राहिला नाही."

शिंप्याने असं म्हणावं? मला इतका राग आला की रडणंच थांबलं. "हाताला काय धाड भरलीय तुमच्या? हात चांगला आहे. आणि मी देऊ? सुई बघून मला चक्कर येते. मी टोचायला घेतलं तर पाहुण्यांच्या आधी मलाच सलाईन लावावं लागेल! द्यायचं तुम्हीच. रेघ मी बघणार. मी हो म्हटल्याशिवाय टोचायचं नाही."

त्यांच्या मिशा जराशा हलल्या. "ठीक आहे," म्हणाले.

पाहुणे वाचले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी पुन्हा रक्त तपासलं आणि त्यांना घरी सोडलं. संध्याकाळपासून औषध निम्मं करायला सांगितलं, अर्धंच युनिट. काही मांजरांना पुढे लागतही नाही, म्हणाल्या, पण ते नंतर बघू. सासऱ्यांनी "अर्धं?" असं तीनदा विचारलं. येताना रिक्षात एकदा मलाही विचारलं.

संध्याकाळी पाहुण्यांपुढे वाटी ठेवली. वास घेतला, एक पाऊल मागे गेले, मग खायला लागले. सासऱ्यांनी बाटली तळहातांत फिरवली, औषध ओढलं आणि सुई खिडकीच्या उजेडात माझ्यापुढे धरली. मी दाराची चौकट घट्ट धरून बघितलं. सिरिंजमध्ये औषध आहे की नाही असं वाटावं, इतकं थोडं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी कातडी चिमटीत उचलली. सुई जवळ नेली आणि हात तिथेच थांबला. पाहुणे खात होते. सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले.

"मलाही वाटते, बाबा," मी म्हटलं. "द्या आता. जेवण संपत आलंय त्यांचं."