लेंगोचं ताट

वेतोच्या तोंडाला लागू नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. केलिमुतू डोंगराच्या माथ्यावर, तीन तळ्यांच्या काठी, ती कॉफी आणि उकडलेली केळी विकते. एखाद्या पाहुण्याने तळ्यांचे रंग का बदलतात म्हणून विचारलं, की फाडकन सांगते, "आत मेलेली माणसं आहेत. डोकं फिरतं त्यांचं." चौकीतला सरकारी माणूस म्हणतो, खालून ज्वालामुखीचे वायू येतात म्हणून. तिचं त्याच्याशीही पटत नाही, पण निदान तो खोटं बोलत नाही, एवढं ती मान्य करते.

गावाशी मात्र उभा दावा. म्हाताऱ्या मृतांचं तळं लांब, एका बाजूला. उरलेली दोन शेजारी शेजारी, मध्ये दगडाची पातळ भिंत. एकात अकाली गेलेली पोरंबाळं, दुसऱ्यात पोलो, म्हणजे करणी करणारे. वेतोची लेक पेनी अकराव्या वर्षी तापाने गेली, ती पोरांच्या तळ्यात. पुढे तिच्या थोरल्या दिराचा, रेरोचा, मुलगा ताडावरून पडून मेला. रेरो गावचा मानकरी. त्याने सख्ख्या भावावर, वेतोच्या नवऱ्यावर, लेंगोवर, करणीचा आळ घेतला. लेंगोच्या घरचं पाणी बंद झालं. तो खंगून मेला तेव्हा मातीवर उभं राहून रेरोने जाहीर केलं, हा पोलोच्या तळ्यात गेला. कसला भाऊ तो, मेल्याने मढ्यालाही सोडलं नाही.

दर ऑगस्टला मृतांसाठी भात आणि डुकराचं मटण वरच्या शिळेवर ठेवतात. पोलोला कुणी घास देत नाही. तरी वेतो दरसाल लेंगोचं ताट घेऊन जायची, रेरो ते पायाने सारायचा आणि ती त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. नवरा उपाशी आहे, हे तर तिला खायचंच. पण बापाच्या कुशीशिवाय पेनीला झोप येत नसे आणि आता दोघांच्या मध्ये ती भिंत, त्याने वेतोचा जीव जास्त तुटायचा. नऊ वर्षं हे असंच चाललं.

यंदाच्या पावसाळ्यात भिंतीचा मोठा लचका तळ्यात कोसळला. चौकीवाला म्हणाला, आंबट पाणी दगड खातंय, कधीतरी दोन्ही तळी एक होणार. गावाची पाचावर धारण बसली. पोलो पोरांवर तुटून पडतील म्हणून आया रडू लागल्या. रेरोने निदान केलं, लेंगोच भिंत ढकलतोय. आणि मेलेला माणूस ऐकतो फक्त जेवू घालणाऱ्या हाताचं. झक मारत तो वेतोच्या टपरीवर आला.

"वेतो, समजाव त्याला. भिंत सोड म्हणावं."

"ताट ठेवाल, भावोजी?"

"ठेवीन."

"तुमच्या हाताने. नाव घेऊन."

रेरोने ओठ चावला आणि मान डोलावली.

ऑगस्टमध्ये ताटांच्या दिवशी सारा गाव वर जमला. रेरोने दोन्ही हातांनी ताट शिळेवर ठेवलं आणि खणखणीत आवाजात भावाचं नाव घेतलं. वेतोला हुंदका आवरेना. मग रेरो मागे सरला आणि आता बोल म्हणाला.

ती कठड्याशी गेली. खाली पोलोचं तपकिरी पाणी, भिंतीपलीकडे पोरांचं हिरवं.

"लेंगो, पोटभर जेव," ती ओरडली. "आणि मग जोर लावून ढकल. पेनी पलीकडेच आहे."